सेनापती बापट रोड, व्हाया सुपा

पुण्याहून नगरला जाताना शिरूर संपलं, घोड नदीचा पूल ओलांडला, की आपला जिल्हा सुरू होतो. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. घरी फोन आला की अजून "नगरला कधी येतोस?" असंच विचारतात.) तिथून पुढे सुपा येईपर्यंत मी खिडकीतून डोंगरावरच्या पवनचक्क्या शोधत असतो. कॉलेजला असताना एसटीत बसून त्या मोजायचो आणि आकडा दर वेळी वेगळा यायचा. गेल्या शनिवारी मात्र मोजल्या नाहीत, कारण डोक्यात ऑफिसचा एक्सेल फिरत होता.

झालंय असं की गेले चार महिने मी एका परदेशी फॅशन कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितोय. नाव सांगत नाही, नोकरी टिकवायची आहे. त्या कंपनीला आपल्या कपड्यांमागचा कार्बन मोजायचाय आणि मग कमी करायचाय. त्यासाठी जगभरच्या सूतगिरण्या, विणकाम करणारे, रंगारी, शिलाई कारखाने या सगळ्यांना एक फॉर्म भरावा लागतो. त्या फॉर्ममधला एक ड्रॉपडाऊन माझा आहे: "ऊर्जेचा स्रोत". कोळसा, डिझेल, ग्रिडची वीज, वारा, सौर, जलविद्युत. यातलं एक निवडायचं, युनिट टाकायचे, शेजारच्या कॉलममध्ये कार्बनचा आकडा आपोआप येतो. आपल्या देशातली ग्रिडची वीज असेल तर युनिटमागे साधारण ०.७ किलो. वारा किंवा जलविद्युत असेल तर शून्य.

या शून्याने मला जरा छळलं, म्हणून ही पोस्ट.

आधी थोडं तांत्रिक उरकून घेऊ. कंपन्यांनी हरितगृह वायू कसे मोजायचे याचा जो जगमान्य हिशेब आहे, त्याचं पहिलं पुस्तक २००१ चं. त्यात तीन कप्पे आहेत. स्वतःच्या आवारात जाळलेलं इंधन म्हणजे स्कोप १. विकत घेतलेल्या विजेमागचा धूर म्हणजे स्कोप २. बाकी सगळं स्कोप ३, म्हणजे तुम्हाला माल देणारा, त्याला माल देणारा, आणि तुमचा माल वापरणारासुद्धा. स्कोप ३ चे सविस्तर नियम यायला २०११ उजाडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर स्कोप १ म्हणजे तुमचा कोड, स्कोप २ म्हणजे भाड्याचा सर्व्हर, आणि स्कोप ३ म्हणजे तुम्ही डोळे मिटून इन्स्टॉल केलेल्या सगळ्या लायब्रऱ्या आणि त्यांच्या लायब्रऱ्या. बग कुठे असतो, ते तुम्हाला माहीतच आहे.

कपड्यांच्या धंद्यात तर हे फारच खरं आहे. लिव्हाइस कंपनीने २०१५ मध्ये आपल्या ५०१ जीन्सचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब छापला. एका जीन्समागे ३३.४ किलो कार्बन डायऑक्साइड (म्हणजे सगळे वायू त्या मापात आणून). त्यात कापूस पिकवण्याचे २.९ किलो. सूत काढणं, रंगवणं, कापड विणणं याचे ९ किलो. कापणं-शिवणं २.६. वाहतूक आणि दुकानं ३.८. आणि तुम्ही-आम्ही ती धुतो-वाळवतो त्याचे १२.५, त्यांच्याकडे ड्रायर असतात म्हणून. आमच्या आईच्या गच्चीवरच्या दोरीचा त्यात समावेश नाही. थोडक्यात, बनवण्यातला सगळ्यात मोठा तुकडा कापडगिरणीत आहे. तिथल्या मोटारी, आणि रंगासाठी वाफ करणारा बॉयलर. फॅशन कंपनीच्या मालकीची यातली सहसा एकही वस्तू नसते. त्यामुळे मुख्यालयात एलईडी दिवे लावून काही होत नाही. दुसऱ्याच्या गिरणीतलं इंधन बदलायचं असतं, आणि ते कसं बदलायचं हा खरा प्रश्न.

आता गंमत बघा. हा प्रश्न एकविसाव्या शतकातला वाटतो, पण मुंबईच्या कापडधंद्याने तो निम्मा तरी शंभर वर्षांपूर्वीच सोडवून दाखवला होता. हवामानबदल हा शब्दही तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता.

सुरुवात आमच्या नगरपासूनच करतो. नगर, भिंगार, संगमनेर ही हातमागाची गावं. साळी, कोष्टी आणि तेलुगू मुलखातून आलेले पद्मशाली यांचे माग घरोघर चालत, आणि नगरची लुगडी जिल्ह्याबाहेर विकली जात. नगरच्या तोफखान्यात पद्मशाली घरं आजही आहेत. माग चालायचा हातापायांवर, धुराचा संबंध नाही. पण एकोणिसाव्या शतकात गिरणीचं सूत आलं. मुंबईत कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली सूतगिरणी काढायची कंपनी स्थापन केली १८५४ साली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून सुरू झाली आणि सुताचे गठ्ठे थेट दारात येऊ लागले. म्हणजे नगरच्या विणकराचा स्कोप १ शून्य, आणि त्याचा स्कोप ३ मुंबईतल्या चिमणीतून बाहेर पडतोय! (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनियर नगरला राहून हातमागाचा वेग वाढवायच्या खटपटीत होते. त्यांच्यावर एक वेगळी पोस्ट व्हायला हवी. असो.)

त्या चिमण्या कोळशावर चालत. मुंबईच्या आसपास कोळसा नाही. तो बंगालकडून रेल्वेने किंवा बोटीने यायचा, नाहीतर थेट परदेशातून. गिरण्या वाढल्या तसा धूर इतका वाढला की १९१२ मध्ये सरकारला खास धुराच्या त्रासाबद्दल कायदा करावा लागला. हा कायदा दम्यासाठी आणि काळ्या पडणाऱ्या धुण्यासाठी होता, पृथ्वीच्या तापमानासाठी नव्हे. तरी नियम तो नियम.

दुसऱ्या बाजूला डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या वास्तुरचनाकाराच्या डोक्यात एक कल्पना होती: सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवायचा आणि तो कोकणात खाली सोडून वीज करायची. ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलली. ते स्वतः गिरणीवाले, नागपूरची एम्प्रेस मिल त्यांचीच, त्यामुळे कोळशाचं बिल त्यांना पाठ असणार. १९०४ मध्ये ते वारले. मुलगा दोराबजी यांनी काम पुढे नेलं. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. लंडनच्या सावकारांशी जमलं नाही, तेव्हा भांडवल इथलेच संस्थानिक आणि व्यापारी यांच्याकडून उभं केलं. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्याला गव्हर्नरांच्या हस्ते पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला आणलं, आणि तिथून सुमारे सत्तर किलोमीटरच्या तारांनी वीज मुंबईत. फेब्रुवारी १९१५ मध्ये पहिला पुरवठा सुरू झाला.

मला यातलं आवडतं ते इंजिनियरिंगपेक्षा बिझनेस मॉडेल. घरगुती दिव्यांचं गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे होतं. टाटांना वीज विकायची होती ती मोठ्या गिऱ्हाइकांना, आणि मुंबईत मोठं गिऱ्हाईक म्हणजे गिरणी. गिरणीवाल्याने आपलं चालू वाफेचं इंजिन काढून टाकायचं, मोटारी बसवायच्या, आणि पाऊस पडेल या भरवशावर राहायचं. कोण तयार होईल? वीजवाल्याला आधी गिऱ्हाईक हवं, गिऱ्हाइकाला आधी वीज हवी. ज्यांनी कुठलाही प्लॅटफॉर्म काढायचा प्रयत्न केलाय त्यांना हे दुखणं माहीत आहे. ते सुटलं ते दर, लांब मुदतीचा पुरवठा आणि इथलंच भांडवल यांच्या जोरावर. मग पहिल्या महायुद्धाने हात दिला. कोळसा महागला, जहाजं आणि वॅगनी मिळेनात, आणि जे काठावर होते तेही आले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईच्या बहुतेक गिरण्या विजेवर आल्या. (बॉयलर मात्र राहिले, कारण सुताची खळ आणि रंग यांना वाफ लागतेच. आजही सगळ्यात चिवट तुकडा तोच. सोलापूरचे टॉवेल असोत की इचलकरंजीचं प्रोसेसिंग, वीज बदलणं त्या मानाने सोपं, उष्णता बदलणं अवघड. "निम्मा" म्हणालो ते म्हणूनच.)

ही गोष्ट मी आमच्या क्लायंटच्या माणसाला कॉलवर सांगितली. तो खूश. म्हणाला, प्रेझेंटेशनमध्ये टाकू या. मी म्हटलं, थांब, अजून संपली नाही.

खोपोलीची वीज कमी पडायला लागली. मग भिवपुरीचा प्रकल्प, तो १९२२ मध्ये सुरू झाला. आणि त्याच्याबरोबर तिसरा, मुळशीचा. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण, वीज खाली भिऱ्याला. १९१९ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी निघाली. धरणाखाली जाणार होती मुळशी पेट्यातली पन्नासेक गावं आणि हजारो मावळे. तिथली भातखाचरं म्हणजे आंबेमोहोराची.

धरणाच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो वाचताना मी खुर्चीत सरळ झालो. कोळसा वाचेल! वॅगनी मोकळ्या होतील, गिरण्या चालतील, रोजगार वाढेल. आज आम्ही डॅशबोर्डवर जे हिरव्या अक्षरांत दाखवतो, तेच.

जमीन घ्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा होता. सरकारने ती घ्यायची आणि कंपनीला द्यायची. संपादन पुरतं व्हायच्या आतच शेतांत खणाखणी सुरू झाली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर पुढे होते पांडुरंग महादेव बापट. जन्म १२ नोव्हेंबर १८८०, गाव पारनेर, जिल्हा अहमदनगर. म्हणजे सुपा ज्या तालुक्यात येतं तोच.

बापटांबद्दल आम्हाला शाळेत जे सांगितलं ते एवढंच, की ते क्रांतिकारक होते. खरं तर माणूस विलक्षण. मंगळदास नथुभाई स्कॉलरशिप मिळवून एडिंबरोला शिकायला गेला, तिथून पॅरिसला बाँब तयार करायची विद्या शिकून आला, आणि पुढे गावात झाडू घेऊन रस्ते झाडायला लागला. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीने दिली. पहिल्या धडकेने काम थांबलं आणि सहा महिने बंद राहिलं. मग ते पुन्हा सुरू झालं. सत्याग्रही तुरुंगात जात राहिले, त्यांत बायकाही होत्या. गांधीजींनी टाटांना फेरविचार करा असं लिहिलं. उपयोग झाला नाही.

चळवळ आतून कशी पोखरली गेली ते बघण्यासारखं आहे. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. नुकसानभरपाईची रक्कम दिसल्यावर सावकारांना धरणात तोटा दिसेना. कुळाला नांगर जाण्याचं दुःख, सावकाराला रोख रक्कम. शेवटी बापटांनी रेल्वे अडवण्यासारखे जहाल मार्ग धरले आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. १९२४ पर्यंत सगळं थंडावलं. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांच्या २००९ च्या इंग्रजी पुस्तकाचं नावच मुळशीला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हणतं.

म्हणजे कपड्याची पुरवठा साखळी कोळशावरून स्वच्छ विजेवर नेण्याचा एवढा मोठा जुना प्रयोग, आणि जगातली पहिली धरणविरोधी चळवळ, या दोन्ही गोष्टी एकाच तारेच्या दोन टोकांना आहेत. एका टोकाला परळ, दुसऱ्या टोकाला मुळशी.

मी धरणविरोधी वगैरे नाही. खोपोली, भिवपुरी, भिरा मिळून आज ४४७ मेगावॉट क्षमता आहे, आणि त्यांनी शंभर वर्षांत जाळू न दिलेला कोळसा खरा आहे. ती वीज नसती तर मुंबई आणखी काळी झाली असती. पण आमच्या कॉलममध्ये जो शून्य येतो, तो फक्त धुराचा शून्य आहे. मुळशीच्या खाचरांचा रकाना १९२१ मध्ये कोणी काढला नव्हता, आणि आमच्या शीटमध्येही नाही.

तर आता परत सुप्याकडे. याच टाटा पॉवरने या शतकाच्या सुरुवातीला सुप्याला १७ मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प उभारला, आणि मग २००७ च्या सुमारास नगरजवळ खांडक्याला ५०.४ मेगावॉटचा. सेनापतींच्या तालुक्यात टाटांची वीज! हे मला कोणी सांगितलं नव्हतं, नकाशा बघताना लक्षात आलं. आणि फरकही मान्य करायला हवा. पवनचक्कीच्या पायथ्याशी बाजरी पेरता येते, धरणाच्या तळाशी नाही.

आता या वाऱ्याचा आणि शर्टाचा संबंध काय? २००३ च्या वीज कायद्याने मोठ्या कारखान्याला लांबच्या उत्पादकाकडून वीज विकत घ्यायची मुभा दिली, वहनाचं भाडं भरून. पारनेरच्या डोंगरावरचे इलेक्ट्रॉन इचलकरंजीच्या मागावर ओळखू येत नाहीत, पण बँकेसारखं आहे ते. तुम्ही नगरच्या शाखेत भरता, मी पुण्यात काढतो, नोट तीच नसते, हिशेब जुळतो. अडचण एवढीच की आपल्याकडचा वारा मुख्यतः पावसाळ्यात वाहतो आणि गिरणी बारा महिने चालते. हिशेब वर्षाचा ठेवला की कागदावर जुळतं, रात्री दोन वाजता मात्र कोळशाचीच वीज येत असते. साठवणीची सोय पुन्हा आमच्याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २००८ मध्ये २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प सुरू झाला. रात्री पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. म्हणजे वीज तयार करून देणारा नव्हे, जपून ठेवणारा तलाव.

फॅशन कंपन्यांचं म्हणाल तर डिसेंबर २०१८ मध्ये पोलंडच्या परिषदेत बऱ्याच बड्या ब्रँडनी मिळून एक सनद मान्य केली. २०२१ मध्ये ती कडक झाली. त्यात एक कलम असं, की कपडे शिवणारे आणि कापड बनवणारे अशा दोन्ही थरांतून २०३० पर्यंत कोळसा घालवायचा. लिव्हाइसने त्याआधीच, २०१८ मध्ये, २०१६ च्या तुलनेत पुरवठा साखळीतलं उत्सर्जन २०२५ पर्यंत ४० टक्के कमी करायचं जाहीर केलं होतं. हे सगळं चांगलंच आहे. पण नवा बॉयलर गिरणीवाल्याने घ्यायचा, कर्ज त्याने काढायचं, आणि ब्रँडची ऑर्डर फक्त या सीझनपुरती. पुढच्या सीझनला दोन रुपये स्वस्त मिळालं की ऑर्डर दुसऱ्या देशात. १९१० च्या गिरणीवाल्याला निदान वीज कोण देणार आणि किती वर्षं देणार ते माहीत होतं. ब्रँडने पाच-सात वर्षांच्या खरेदीची हमी दिली किंवा स्वतः पैसे घातले, तर चित्र बदलतं. २०२३ मध्ये एच अँड एम आणि बेस्टसेलर यांनी बांगलादेशच्या समुद्रातल्या पवनऊर्जा प्रकल्पात पैसे घालण्याचं जाहीर केलं, ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटलं. जुना संस्थानिकांचा मार्ग आहे तो! फक्त तिथल्या कोळ्यांना कोणी विचारलं का, एवढंच मनात आलं.

मुंबईत गेलात तर लोअर परळला फिनिक्स मॉलच्या बाहेर उभं राहून रस्त्याची पाटी वाचा. १९०५ ची फिनिक्स मिल होती ती. आत आता जगातले सगळे फॅशन ब्रँड आहेत, आणि बाहेर पाटीवर सेनापती बापट मार्ग. पुण्यात आम्ही ज्या रस्त्यावर डबे खातो, तोही एसबी रोड. त्या एस आणि बीचा अर्थ माझ्या टीममधल्या सात जणांपैकी दोघांनाच सांगता आला, आणि त्यातला एक मी.

क्लायंटच्या माणसाला मी मुळशीपर्यंतची सगळी गोष्ट सांगितली आणि म्हटलं, ड्रॉपडाऊनच्या शेजारी अजून एक रकाना ठेवू: वीज जिथे होते ती जमीन कोणाची होती, आणि ते लोक आता कुठे आहेत. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, इंटरेस्टिंग आहे, पण हे आउट ऑफ स्कोप आहे.

मी हसलो, त्याला कळलं नाही.

रिलीज गेल्या महिन्यात झाली. रकाना नाही, पण फॉर्मच्या तळाशी मी एक "इतर माहिती" असा चौकोन घातलाय. ऐच्छिक, पाचशे अक्षरांचा. आतापर्यंत एकशे बारा गिरण्यांनी फॉर्म भरलाय आणि तो चौकोन सगळ्यांचा रिकामा आहे.